नाव न घेता

सोमवार, ४ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी रोजची टिपणं ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. दुकानातल्या मापांच्या वह्यांतली एक जवळजवळ कोरी निघाली. मागच्या पानावर कुणाच्या तरी कोटाच्या बाह्यांची मापं आहेत, ती राहू देत.

झालं असं की काल उपासना सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमच्या नणंदेला मंडळीत परत यायचंय. दोन वर्षं ती शिस्तीखाली आहे. म्हणजे प्रभुभोजन नाही, कुठली सेवा नाही. ती तर उपासनेलाही यायची बंद झाली. आता पंचांनी ठरवलंय की कुणीतरी चार आठवडे तिच्याबरोबर बसावं, बोलावं, प्रार्थना करावी, आणि ती तयार झाली की पंचांना तसं सांगावं. हे तुम्ही कराल का?

मी म्हटलं, मी आपली साधी बाई, लोकांचे उसवलेले कपडे शिवून पोट भरते, मला कुठलं झेपायला. अशा कामाला एकदा नाही म्हणायचं असतं. त्यावर ते म्हणाले, तुमचं नाव तिनेच सुचवलंय.

म्हणजे कुठेतरी जाणीव शिल्लक आहे म्हणायची. तिच्या ओळखीत दुसरं आहे तरी कोण जाणतं?

पाळकसाहेब म्हणाले, वही मला दाखवू नका, स्वतःसाठी लिहा. नवीन आहेत, वर्षच झालंय. अहवाल कधी कामाला येईल ते त्यांना काय ठाऊक. मी नीटच लिहिणार. फक्त नाव कुणाचंही लिहिणार नाही. आमच्या बायकांच्या प्रार्थना मंडळाचा नियमच आहे, कुणासाठीही प्रार्थना मागताना नाव घ्यायचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीच घालून दिलाय. वही उद्या कुणाच्या हाती लागली तर उगीच कुणाची अब्रू जायला नको. नणंदेला घरात सगळे छकुली म्हणतात, तेवढंच लिहीन. बावन्न वर्षांची छकुली.

गुरुवार, ७ सप्टेंबर

पहिली बैठक. पाच वाजताची वेळ दिली होती. आली पाचलाच, पण सरळ आत गेली, सासूबाईंकडे. त्यांचं तोंड पुसलं, नखं कापली, उशीचा अभ्रा बदलला. मी बाहेर शिलाई मशीन बंद करून, पवित्र शास्त्र उघडून वीस मिनिटं बसले आहे. अभ्रा मी बदलणारच होते.

मग बसलो. मी विषयाला हात घातला की तुझ्या पापाबद्दल तुला आज काय वाटतं. तर ती म्हणाली, "वहिनी, आधी तुला काही बोलायचंय का?"

मला बोलायचंच होतं. चाळीस मिनिटं बोलले. क्षमा म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, माणूस पडतो कसा आणि त्याला उचलायचं कसं. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा उठून माझ्या पाठीशी उशी ठेवली.

शनिवार, ९ सप्टेंबर

पंचांपुढे बोलताना गडबड नको, म्हणून जुनं प्रकरण एकदा लिहून काढते.

आमच्या मंडळीत प्रार्थनेची पेटी असते. ज्याला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून रविवारी पेटीत टाकायचं. पेटी सांभाळणाऱ्याने त्या चिठ्ठ्या एकट्याने वाचायच्या, प्रार्थना करायची, शनिवारी जाळून टाकायच्या. बाकी कुणी बघायचं नाही. हे काम आठ वर्षं छकुलीकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. छकुली उपासनेतून पेटीसकट धावत इथे आली, पेटी माझ्या ओट्यावर ठेवली आणि आत गेली. तिथून संध्याकाळपर्यंत बाहेर नाही. आता ओटा पुसायचा तर पेटी हलवावीच लागणार. हलवली तर झाकण निघालं. वरची चिठ्ठी जवळजवळ उघडीच होती. मी वाचली नाही, नजर गेली. चष्म्याच्या दुकानवाल्याच्या मुलीची होती. तिचं लग्न ठरलं होतं. तिला फिट येतात आणि ते नवऱ्या मुलाला अजून सांगितलेलं नाही, तर स्वतःच्या तोंडाने सांगायचं धैर्य मिळावं म्हणून प्रार्थना करा, असं लिहिलं होतं.

वाचून माझ्या काळजात चर्रर झालं. एवढी गोड पोरगी. संध्याकाळी छकुली गेल्यावर मी लगेच मंडळातल्या चार बहिणींना फोन केले. नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की चष्मेवाल्याच्या मुलीला फिट येतात, सासरच्यांना अजून पत्ता नाही, तर प्रार्थनेत धरा. अशा वेळी एकीच्या प्रार्थनेपेक्षा पाचजणींची केव्हाही बरी.

आठवड्यात लग्न मोडलं. नवऱ्या मुलाकडे कुणीतरी सांगितलं. पंच बसले. पेटी कुणाच्या ताब्यात होती? छकुलीच्या. तिला विचारलं तर ती म्हणाली, "पेटी माझ्या ताब्यात होती. चूक माझी." एवढंच. कुणाकुणाला सांगितलं, का सांगितलं, काही नाही. मला फार वाईट वाटलं. आपल्या घरातलं माणूस असं तोंडाचं फाटकं निघावं? नाहीतर चूक कबूल कशाला करेल?

मंगळवार, १२ सप्टेंबर

दुसरी बैठक. माझ्या गुडघ्यांसाठी मलम घेऊन आली. तीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधून देते, तर तेवढं आपलं बरं पडतं. बोलता बोलता मी विचारलं, शिंपीआळीतली ती दोन महिने दिसली नाही, काय झालंय तिला? तुमच्याकडेच येते ना? तर म्हणे, बरी आहे. एवढंच. पहिल्यापासून हे असंच. गावातल्या निम्म्या लोकांचे आजार हिला पाठ, पण घरच्या माणसालासुद्धा कधी एक अक्षर सांगितलं असेल तर शपथ. आडमुठा स्वभाव, दुसरं काय.

सासूबाईंचं खाणं कमी झालंय. चौऱ्याऐंशी वय. गेली दोन वर्षं त्यांनीही प्रभुभोजन घेतलेलं नाही. पाळकसाहेब दर महिन्याला घरी घेऊन येतात, आणि त्या दर महिन्याला सांगतात की छकुली माझ्याशेजारी बसून घेईल तेव्हा मी घेईन. लेकीची माया आंधळी असते. पण आता त्यांच्यासाठी तरी हे काम वेळेत व्हायला हवं, हे मला दिसतंय. पुढचं प्रभुभोजन पहिल्या ऑक्टोबरला, तीच तारीख धरून चालले आहे.

रविवार, १७ सप्टेंबर

पाळकसाहेबांचा उपदेश दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळावर. फार सुंदर. पूर्ण वेळ छकुलीचाच विचार मनात येत होता. ती असायला हवी होती.

बेकरीवाली माझ्यापासून चार बाकं लांब बसली. दोन वर्षं झाली, प्रार्थना मंडळात येत नाही, रस्त्यात दिसली तर वाट बदलते. नवा ओव्हन घेतल्यापासून मान ताठ झालीय.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज तिला म्हटलं, तू प्रार्थना कर. मला बघायचं होतं की मन कुठवर मोडलंय. पंधरा मिनिटं केली. सगळी माझ्यासाठी. माझे गुडघे, माझं दुकान, माझ्या मनावर ओझं असेल तर ते उतरू दे, मला बोलायचं बळ दे. बोलायचं बळ मला कधी कमी पडलंय? स्वतःच्या अपराधाचा मात्र उल्लेखसुद्धा नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, २६ सप्टेंबर

पाळकसाहेब दुकानात येऊन बसले, त्यांच्या झग्याची शिवण उसवली होती. विचारलं, काय वाटतं? मी खरं ते सांगितलं. तीन आठवडे होत आले, तिच्या डोळ्यात टिपूस नाही. ते म्हणाले, पश्चात्तापाला टिपूस लागतंच का? मी म्हटलं, साहेब, डाग भिजवल्याशिवाय निघत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

ते म्हणाले, आणि तुमचं कसं चाललंय? मी गुडघ्यांचं सांगितलं.

तर ठरलं, पहिली ऑक्टोबर नाही. पुढचं प्रभुभोजन पाच नोव्हेंबरला, तेव्हा बघू. घाईची कृपा काय कामाची?

रविवार, १ ऑक्टोबर

छकुली दोन वर्षांनी उपासनेला आली. शेवटच्या बाकावर बसली. भाकर आणि प्याला फिरला तेव्हा मान खाली घालून बसून राहिली. मी मुद्दाम मागे वळून हसले, तिला परकं वाटू नये म्हणून.

घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, छकुलीने घेतलं? मी म्हटलं, अजून नाही, आई, तिची तयारी व्हायचीय. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. जेवताना हे एक शब्द बोलले नाहीत. पण हे एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे रागावलेत की कसं ते कळायला मार्ग नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. सासूबाईंचं हृदय थकलंय. म्हणाले, महिना काढतील, कदाचित थोडे जास्त, कदाचित नाही. हे दारातच उभे होते. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "आता पुरे कर. काय तपासायचं राहिलंय तुझं?" मी समजावायला लागले की कृपा झाली तरी तिला काही रीत असते, तर त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्यावर या घरात सगळे आरोपच. सतरा वर्षं त्यांचं सगळं कोण करतंय? आणि त्यांच्या मनात मात्र छकुली.

शनिवार, १४ ऑक्टोबर

मन मोठं केलं. पंचांना सांगून टाकलं की पाच नोव्हेंबरला तिला परत घ्या. एकच अट, तिने सगळ्यांसमोर उभं राहून स्वच्छ शब्दांत अपराध कबूल करावा. आणि तिला शब्द सुचायचे नाहीत म्हणून ती कबुली मीच लिहून दिली. दीड पान झालं. मी विश्वासघात केला, माझ्या जिभेवर माझा ताबा राहिला नाही, माझ्यामुळे एका निष्पाप मुलीचं लग्न मोडलं, वगैरे. लिहिताना मलाच भरून आलं.

तिने कागद दोनदा वाचला. म्हणाली, "हे सगळं वाचायचं?" मी म्हटलं, सगळं. तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "अजून तीन आठवडे आहेत, वहिनी. यातलं काही बदलावंसं वाटलं तर सांग." मी म्हटलं, शुद्धलेखन मी दोनदा तपासलंय.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

आज दुकान लवकर बंद केलं.

दुपारी चष्मेवाल्याची मुलगी दुकानात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. कुठल्याशा नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, जुन्या ड्रेसची घेराची शिवण सोडून लांबी वाढवून हवी होती. तिला स्टुलावर उभं केलं, मी खाली बसून टाचण्या लावत होते. मला वाटलं, देवानेच ही वेळ आणून दिली. मी म्हटलं, बाळा, पाच तारखेला माझी नणंद सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागणार आहे. मी तिला क्षमा केलीय, आता तूही मोठं मन कर. माणूस चुकतं.

ती हसायला लागली. इतकी, की स्टूल हलायला लागलं. मी म्हटलं, अगं टाचणी लागेल.

"काकू," ती म्हणाली, "छकुलीमावशी दर शनिवारी दुकानात येते माझ्याकडे. दोन वर्षं. माझ्या गोळ्या तीच आणून देते. तिने काय केलंय म्हणून मी तिला क्षमा करू?"

मी म्हटलं, पेटी तिच्याकडे होती.

"बेकरीवाल्या काकू गेल्या वर्षी घरी येऊन रडून गेल्या. त्या त्याच्या आत्या ना. फोन कुणाचा आला होता, ते त्यांनी सांगितलं मला."

बेकरीवाली त्या मुलाची आत्या आहे, हे फोन करताना माझ्या खरंच लक्षात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी तिला म्हटलं, मी नाव घेतलं नव्हतं.

"हो. चष्मेवाल्याची मुलगी म्हणालात." ती खाली माझ्याकडे बघत होती. "या गावात चष्म्याची दुकानं किती आहेत, काकू?"

मी टाचण्या लावत राहिले. दुसरं काय करणार होते? घेर पुरा होईपर्यंत ती स्टुलावर उभी होती आणि मला वर बघता येत नव्हतं. तीच पुढे बोलली. म्हणाली, त्याला सांगायला मी त्या बुधवारी जाणार होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. कदाचित तरीही मोडलं असतं. पण तो मंगळवारीच आला आणि म्हणाला की मला बाहेरून कळलं. मला माझं वाक्यसुद्धा बोलायला मिळालं नाही.

जाताना म्हणाली, पाच तारखेला मी उठून सगळं सांगणार होते, मावशीने हात धरून थांबवलंय. ड्रेस बुधवारी न्यायला येते.

सोमवार, २३ ऑक्टोबर

ती बेकरीवाली. स्वतः जाऊन भावाच्या घरी सांगितलं आणि वर रडून माझं नाव सांगून मोकळी. मी प्रार्थनेसाठी सांगितलं होतं, हिने त्याची बातमी केली. यात माझा काय दोष?

तीन दिवस हेच घोकतेय. पण फोनवर मी जे बोलले ते आता शब्दन् शब्द आठवायला लागलंय, आणि ते वहीत लिहिलंय त्याहून बरंच जास्त होतं. "कुणाला सांगू नकोस हं" असंही म्हटलं होतं. प्रार्थनेला असं कोण म्हणतं?

ज्या बहिणींना फोन केले त्यांच्याबरोबर मी प्रार्थना केली होती का, ते आठवून बघितलं. नव्हती केली. राहूनच गेली.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

छकुली आली. नेहमीसारखी आधी आत, मग बाहेर. मी शास्त्र उघडलं नाही. विचारलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं? म्हणाली, हो. चिठ्ठीची घडी वेगळी पडली होती.

"मग पंचांपुढे बोलली का नाहीस?"

"पेटी मी तुझ्या ओट्यावर सोडून गेले. ती सोडायची नसते. तेवढी चूक माझीच आहे."

"पण माझं नाव?"

ती मशीनवरचा दोरा गुंडाळत बसली. मग म्हणाली, "त्या पोरीचं तिने स्वतः सांगायचं होतं, ते दुसऱ्याने सांगून टाकलं. मी तुझं सांगितलं असतं, तर मी तरी वेगळं काय केलं असतं? तुझं तू सांगायचंस. म्हणून तर तुझ्याजवळ बसायला मिळावं असं पाळकसाहेबांना म्हटलं. मला वाटलं, चार आठवड्यांत बोलशील."

आणि मी सात आठवडे तिला पश्चात्ताप शिकवत होते. लाज वाटली. राग पण आला, खोटं कशाला लिहू. दोन वर्षं हिने मला असं सांभाळून घेतलं आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाही. कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं वागायला? म्हटलं, पाळकसाहेबांना ठाऊक आहे? म्हणाली, माझ्याकडून नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर

सासूबाई आता दुधाचे चार चमचे घेतात. तेही छकुलीच्या हातून.

मी गप्प बसले तर काय होईल, याचा रोज विचार करतेय. छकुली तो कागद वाचेल. तिने परवा पुन्हा सांगितलं, तू नको म्हणेपर्यंत मी वाचणार. चष्मेवाल्याची मुलगी तिच्या शब्दाखातर गप्प राहील. दुपारी पाळकसाहेब घरी येतील, मायलेकी शेजारी बसून प्रभुभोजन घेतील, आई सुखाने डोळे मिटतील. कुणाचं काही अडत नाही. आणि मी बोलले तर? प्रार्थना मंडळ जाईल. निम्मी गिऱ्हाइकं जातील. रस्त्यात लोक माझ्याकडे बघून वाट बदलतील, जशी बेकरीवाली बदलते. तिची मान ताठ नव्हतीच म्हणजे.

कागद लिहिताना किती भरून आलं होतं मला. दुसऱ्याचा पश्चात्ताप लिहायला काय लागतं?

रविवार, ५ नोव्हेंबर

उपदेश झाला. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांनी छकुलीला पुढे बोलावलं. तिने पर्समधून तो कागद काढला, घडी उलगडली, चष्मा लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं मुद्दामच बघितलं नाही. मी उठले. गुडघ्यांतून कळ आली. म्हटलं, साहेब, आधी मला बोलायचंय.

आणि तोंड उघडलं तर काय निघावं? "आपल्यातल्या एका बहिणीसाठी." पंधरा वर्षांची सवय. त्याबरोबर मंडळातल्या सगळ्या बायकांनी माना खाली घालून डोळे मिटले. मी पुढे म्हटलं, नाव घेत नाही, पण तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा दोघीतिघींनी डोळे उघडले. मागून कुणीतरी खाकरलं. मग मी म्हटलं, मी. चिठ्ठी मी वाचली. फोन मी केले. चार फोन. माझ्या नणंदेने कुणाला काही सांगितलं नाही, आणि मी दोन वर्षं तिला क्षमा करत फिरले.

दीड पान लिहिलं होतं तिच्यासाठी. माझं एवढ्यातच संपलं. चष्मेवाल्याच्या मुलीकडे बघून काही बोलायचं होतं, ते जमलं नाही. ती उठून गेली नाही, हेच खूप.

पंच शेजारच्या खोलीत गेले. छकुलीसाठी त्यांना महिना लागला होता, माझ्यासाठी दहा मिनिटं पुरली. तिची शिस्त तिथल्या तिथे उठवली. मला पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनापर्यंत, चार आठवडे, शिस्तीखाली ठेवलं, आणि माझ्याबरोबर कुणीतरी बसावं असं ठरलं. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण बसेल? छकुलीने हात वर केला. सबंध मंडळीत दुसरा हात नव्हता.

तिने तिथे प्रभुभोजन घेतलं नाही. म्हणाली, आईबरोबर घेईन. दुपारी तीनला पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. छकुलीने आईंना उठवून पाठीशी उशा लावल्या, केस विंचरले. हे पायथ्याशी बसले, आज यंत्र कानात होतं. मी बाहेर दुकानात बसले. दार अर्धं उघडं होतं, तेवढं मला चालण्यासारखं होतं. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू झाली आणि मध्येच आईंचा आवाज आला, "सून कुठेय?"

छकुलीने हळू आवाजात सकाळचं सगळं सांगितलं. आई म्हणाल्या, "चार फोन? सात होते. त्या रात्री फोन माझ्या उशाशी होता, तिला वाटलं मी झोपलेय, मी पडून ऐकत होते." मग मोठ्याने म्हणाल्या, "तिला आत बोलवा."

मी दारात जाऊन उभी राहिले. विचारलं, आई, तुम्हाला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत? म्हणाल्या, छकुलीने माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं. जेवढं माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, जेवले नाही प्रभूच्या त्या मेजावर. तुला वाटलं मी एकट्या लेकीसाठी अडून बसलेय?

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, आई, यांना अजून चार आठवडे घेता यायचं नाही. पंचांचा निर्णय आहे. तुम्ही दोघी घ्या.

"मग आम्ही थांबतो चार आठवडे," आई म्हणाल्या.

ते अवघडून म्हणाले, पण डॉक्टर सांगतात की...

"डॉक्टरला म्हणावं, तूही थांब." आणि त्यांनी प्याल्यावर हात ठेवून तो बाजूला सारला. छकुली तोंडावर हात दाबून बसली होती. हसत होती की रडत होती, मला दारातून दिसलं नाही. हे उठून खिडकीपाशी गेले.

पाळकसाहेब गेल्यावर आई म्हणाल्या, महिनाभर थांबायचं तर काहीतरी खायला दे. मी दुधात पाव कुस्करून आणला. छकुलीच्या हाताला सवय आहे म्हणून वाटी तिच्याकडे द्यायला गेले, तर आई म्हणाल्या, तूच भरव. निम्मी वाटी खाल्ली. दोन महिन्यांत एवढं खाल्लं नव्हतं. मग तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, उरलंय ते तू खा. मी म्हटलं, मला भूक नाही. म्हणाल्या, भूक कुणी विचारली? खा.

पाव कालचा होता, दूधही निवून गेलं होतं. त्यांच्याच चमच्याने खाल्लं.